‘ग्रास-फेड’ बीफ: लेबलवरच्या शब्दामागे कोण उभं आहे?

अमेरिकेत बीफच्या पाकिटावर ‘ग्रास-फेड’ छापलेलं असलं की ते शेजारच्या साध्या पाकिटापेक्षा महाग असतं. ग्राहक जास्तीचे पैसे देतो ते एका वचनासाठी: या जनावराने आयुष्यभर चाराच खाल्ला, धान्य नाही. हे वचन मांसाकडे बघून तपासता येत नाही. चव घेऊनही खात्रीने सांगता येत नाही. जनावर तर केव्हाच कापलं गेलेलं असतं. शिल्लक राहतो फक्त कागद, आणि म्हणून तो कागद कोण लिहितं, कोण वाचतं आणि कुरणापर्यंत जाऊन कोण बघतं, हे जाणून घेणं गरजेचं आहे.

पण लेबलकडे वळण्याआधी जनावराच्या आयुष्याचा क्रम डोळ्यांसमोर हवा, नाहीतर पुढचे सगळे वाद हवेत राहतात. अमेरिकेत मांसासाठी पाळलेली जवळजवळ सगळीच वासरं सुरुवातीला गवतावरच वाढतात. वासरू आईबरोबर कुरणात असतं. सहा-आठ महिन्यांचं झालं की त्याचं दूध तोडतात, आणि त्यानंतरही बरीच वासरं काही महिने चरत राहतात. वाटा फुटतात त्या यापुढे. बहुतेक जनावरं फीडलॉटमध्ये जातात. टेक्सस, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत असे मोठे फीडलॉट आहेत: कुंपण घातलेले उघडे वाडे, तुडवून भुंडी झालेली जमीन, आणि कडेने लांबच लांब सिमेंटच्या गव्हाणी. त्या गव्हाणीत मका, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा, थोडा चारा आणि पूरक द्रव्यं असा खुराक पडतो. चार ते सहा महिन्यांच्या या काळात जनावराचं वजन दिवसाला दीड किलोच्या आसपास वाढतं आणि मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा उमटतात. त्यांनाच मार्बलिंग म्हणतात. ‘प्राइम’, ‘चॉइस’ हे जे दर्जे पाकिटावर दिसतात ते मुख्यतः या रेषांवर ठरतात. जनावराने काय खाल्लं याच्याशी त्या दर्जांचा संबंध नाही.

दुसरी वाट म्हणजे शेवटपर्यंत गवत. तिथे वजन सावकाश चढतं. धान्यावरचं जनावर साधारण दीड वर्षाचं असताना कत्तलखान्यात जातं, तर गवतावरचं बहुधा दोन वर्षांच्या आसपासचं किंवा त्याहून मोठं असतं. त्या जादा महिन्यांची जमीन, चारा, देखरेख आणि अडकलेलं भांडवल हा सगळा खर्च पाळणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून ‘हे जनावर गवतावर वाढलं’ एवढं वाक्य जवळपास कुठल्याही जनावराबद्दल अर्धं खरं असतं. पैसा आहे तो शेवटच्या चार-सहा महिन्यांत, आणि लेबलचे सगळे तंटेही तिथेच आहेत.

मांसातला फरकही याच काळात ठरतो. गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसात एकूण चरबी सहसा कमी असते, ओमेगा-3 आणि सीएलए या मेदाम्लांचं प्रमाण जास्त असतं, आणि हिरव्या चाऱ्यातल्या बीटा-कॅरोटीनमुळे चरबीला पिवळसर छटा येते. जनावर जितके दिवस धान्यावर राहील तितकं ओमेगा-3 घटत जातं. अर्थात, जास्त म्हणजे बीफच्या मानाने जास्त. सामनसारख्या माशाशी तुलना केली तर हे प्रमाण फारच थोडं आहे, आणि केवळ ओमेगा-3 साठी कुणी महाग बीफ घेत असेल तर त्याने मासा घेतलेला बरा.

आता नियमांकडे. इथे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या, दोन शाखा लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली ॲग्रिकल्चरल मार्केटिंग सर्व्हिस, थोडक्यात एएमएस. शेतमालाचे दर्जे ठरवणं आणि बाजारातल्या दाव्यांची पडताळणी करून देणं हे तिचं काम. दुसरी फूड सेफ्टी अँड इन्स्पेक्शन सर्व्हिस, म्हणजे एफएसआयएस. कत्तलखान्यांची तपासणी आणि मांसाच्या लेबलांना मंजुरी तिच्याकडे. मांसाचं लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं असता कामा नये, ही 1906 च्या केंद्रीय मांस तपासणी कायद्याच्या चौकटीतली अट तीच राबवते. एकाच खात्याच्या या दोन शाखा एकाच शब्दाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघत होत्या, आणि गोंधळाचं मूळ त्यात आहे.

2002 च्या अखेरीस एएमएसने ‘ग्रास-फेड’साठी मानक सुचवलं. त्यात जनावराला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी किमान 80 टक्के गवत-चाऱ्यातून यावी, असं म्हटलं होतं. गवतावर जनावरं वाढवणाऱ्यांनी याला जोरदार विरोध केला, आणि तो योग्यच होता. उरलेले 20 टक्के आयुष्यभर विखरून आले काय की शेवटी एकदम मक्याच्या रूपात आले काय, हिशेबात बसतातच. मग 2006 मध्ये 99 टक्क्यांचा मसुदा आला, आणि शेवटी ऑक्टोबर 2007 मध्ये मानक प्रसिद्ध झालं. त्याचा गाभा असा: दूध तुटेपर्यंत आईचं दूध, आणि त्यानंतर आयुष्यभर फक्त चारा.

चारा म्हणजे काय, हेही त्यात सविस्तर सांगितलं होतं. गवत, द्विदल आणि इतर रुंद पानांची रोपं, झुडपांचा पाला आणि दाणा धरण्याआधीची तृणधान्याची हिरवी रोपं चालतील. वाळलेलं गवत, मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा), दाणा नसलेले पिकांचे अवशेष चालतील. खनिजं आणि जीवनसत्त्वंही देता येतील. धान्य आणि धान्यापासून उरलेले पदार्थ मात्र वर्ज्य. म्हणजे दाणा भरण्याआधी कापलेला मका चालतो, भरल्या कणसासकट केलेला मुरघास चालत नाही, आणि इथेनॉलच्या कारखान्यातला चोथाही नाही. एखादं जनावर चुकून धान्यात शिरलं, किंवा हवामानाच्या संकटात जगवण्यासाठी दुसरं काही खायला घालावं लागलं, तर किती, केव्हा, कशामुळे याची नोंद ठेवायची.

आणखी एक अट होती: चाऱ्याच्या वाढीच्या हंगामात जनावराला सतत कुरणात जाता आलं पाहिजे. हा हंगाम म्हणजे वसंतातल्या शेवटच्या हिमकडाक्याच्या सरासरी तारखेपासून शरदातल्या पहिल्या हिमकडाक्याच्या सरासरी तारखेपर्यंतचा काळ. वाचायला हे काटेकोर वाटतं. पण मोन्टानासारख्या उत्तरेकडच्या राज्यात हा काळ वर्षाच्या अर्ध्याहूनही कमी भरू शकतो. उरलेले महिने जनावर वाड्यात कोंडून वाळलेल्या गवतावर ठेवलं तरी मानक मोडत नव्हतं. शिवाय संप्रेरकं आणि प्रतिजैविकं यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं, कारण ते फक्त आहाराचं मानक होतं. 2003 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ग्रासफेड असोसिएशनने याच दोन मुद्द्यांवर टीका केली आणि स्वतःचं वेगळं, अधिक कडक मानक पुढे आणलं.

तरीही 2007 चं मानक ही एक जागा होती. पाळणाऱ्याला, कसायाला आणि ग्राहकाला बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी लिहिलेलं होतं. 12 जानेवारी 2016 रोजी एएमएसने ते मागे घेतलं. कारण असं दिलं की अशा दाव्यांची व्याख्या ठरवण्याचा स्पष्ट अधिकार आपल्याला कायद्याने दिलेला नाही, आणि एएमएसचं मानक पाळलं म्हणून एफएसआयएस लेबल मंजूर करेलच असंही नाही. दुसरा मुद्दा खरा होता. पण दोन शाखांचं जुळत नसेल तर त्यांना एका टेबलाशी बसवायचं, की लिहून ठेवलेली व्याख्याच काढून घ्यायची? मला तो निर्णय चुकीचा वाटतो. त्याचा फटका नियम पाळणाऱ्यांना बसला. ज्यांना शब्द ताणायचा होता त्यांचं काही बिघडलं नाही. छोट्या उत्पादकांसाठीचा एक कार्यक्रम तेवढा एएमएसकडे चालू राहिला: वर्षाला 49 किंवा त्याहून कमी जनावरं विकणाऱ्यांना त्यातून कमी खर्चात प्रमाणपत्र मिळवता येतं.

मग आज ‘ग्रास-फेड’ला काही अर्थच नाही का? असं बरेचदा लिहिलं जातं, पण ते बरोबर नाही. लेबल मंजूर करणाऱ्या एफएसआयएसची मार्गदर्शिका आहे. ती 2019 मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट 2024 मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार नुसतं ‘ग्रास-फेड’ लिहायचं असेल तर दूध तुटल्यापासून जनावराने पूर्णपणे चाराच खाल्लेला असला पाहिजे, धान्य नाही, आणि वाढीच्या हंगामात कुरण खुलं हवं. म्हणजे जुन्या मानकाचा गाभा इथे जवळपास तसाच आहे. आहारात काही भाग धान्याचा असेल तर लेबलवर तसं स्पष्ट लिहायचं, उदाहरणार्थ ‘85 टक्के गवत आणि 15 टक्के मका’. म्हणून ‘ग्रास-फेड म्हणजे शेवटी धान्य घातलेलं, आणि ग्रास-फिनिश्ड म्हणजे खरं गवतावरचं’ हा जो समज पसरला आहे, तो नियमांतून आलेला नाही. ‘ग्रास-फिनिश्ड’ला वेगळी केंद्रीय व्याख्या नाही. ग्राहकाचा विश्वास उडाला म्हणून विक्रेत्यांनी पुढे आणलेला तो जादा शब्द आहे.

म्हणजे व्याख्या आहे. गाडी अडते ती पडताळणीपाशी.

ही पडताळणी कशी होते ते जवळून बघू. साध्या मांसाच्या अनेक लेबलांना प्रत्येक वेळी मंजुरी लागत नाही, पण जनावर कसं वाढवलं याबद्दलचा दावा असेल तर लेबल छापण्याआधी एफएसआयएसकडे पाठवावं लागतं. अर्ज करणारी कंपनी सोबत काही कागद जोडते. जनावरं जन्मापासून कत्तलीपर्यंत कशी पाळली याचं लेखी वर्णन. ते खरं असल्याचं सही-तारखेचं निवेदन. हा माल इतर मालात मिसळू नये म्हणून काय व्यवस्था आहे ते. आणि एखादं जनावर अटीत बसेनासं झालं तर ते कसं ओळखून वेगळं काढणार ते. कार्यालयातला अधिकारी हे वाचतो, दावा आणि कागद जुळतात का बघतो, आणि लेबल मंजूर करतो किंवा परत पाठवतो. एफएसआयएसचा निरीक्षक कत्तलखान्यात रोज हजर असतो, पण त्याचं कार्यक्षेत्र तिथूनच सुरू होतं. कुरणात जाऊन गव्हाणीत काय आहे ते तो बघत नाही. बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर तेही जोडता येतं. 2024 च्या सुधारणेत असं प्रमाणपत्र घ्या असा जोरदार आग्रह केला आहे, पण सक्ती नाही. आणि मार्गदर्शिका ही शेवटी मार्गदर्शिकाच. तिला कायद्यासारखी बंधनकारक ताकद नसते.

कागद आणि वास्तव यांत किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण त्याच खात्याने पुढे आणलं. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसआयएसने जाहीर केलं की ‘प्रतिजैविकांशिवाय वाढवलेलं’ या दाव्याने विकल्या जाणार असलेल्या गुरांच्या नमुन्यांपैकी सुमारे 20 टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. दावा वेगळा असला तरी तो तपासण्याची पद्धत तीच: निवेदन, सही, मंजुरी. आणि प्रतिजैविक तरी प्रयोगशाळेत सापडतं. गवताचं तसं नाही. एक मार्ग आहे, कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा. मका आणि थंड प्रदेशातली बहुतेक गवतं हवेतला कार्बन दोन वेगळ्या रासायनिक वाटांनी शोषतात, आणि त्या फरकाची खूण जनावराच्या मांसात उतरते. पण उष्ण प्रदेशातली कित्येक गवतं, उदाहरणार्थ अमेरिकेच्या दक्षिणेत भरपूर लावलं जाणारं बर्म्युडा गवत, नेमकी मक्याच्याच वाटेने कार्बन शोषतात. म्हणजे दक्षिणेतल्या कुरणावर प्रामाणिकपणे चरलेलं जनावर या चाचणीत मका खाल्ल्यासारखं दिसू शकतं. त्यामुळे एका चाचणीवर निकाल लावता येत नाही, आणि कुणीतरी प्रत्यक्ष कुरणात जाऊन बघण्याला पर्याय राहत नाही.

तिथे खासगी प्रमाणपत्रं उपयोगी पडतात, आणि पाकिटावर शोधायचं ते हेच. अमेरिकन ग्रासफेड असोसिएशनच्या शिक्क्याला दूध तुटल्यापासून कत्तलीपर्यंत पूर्ण चारा, फीडलॉटमध्ये कोंडणं नाही, संप्रेरकं नाहीत, प्रतिजैविकं नाहीत, आणि जनावराचा जन्म व वाढ अमेरिकेतच, एवढ्या अटी आहेत. ‘ए ग्रीनर वर्ल्ड’ या संस्थेचं ‘सर्टिफाइड ग्रासफेड’ मिळवायचं तर आधी त्याच संस्थेचं ‘ॲनिमल वेलफेअर अप्रूव्ह्ड’ हे प्राण्यांच्या हालअपेष्टा टाळण्याविषयीचं प्रमाणपत्र लागतं. या दोन्हींत त्रयस्थ तपासनीस शेतावर जातात. माझ्या मते पाकिटावरच्या बाकी सगळ्या मजकुरापेक्षा हा एक छोटा शिक्का जास्त सांगतो. यूएसडीएचं नाव असलेली ‘प्रोसेस व्हेरिफाइड’ ही ढालीच्या आकाराची खूण मात्र थोडी नीट वाचावी लागते. तिथे यूएसडीए पडताळणी करतं हे खरं, पण पडताळणी होते ती कंपनीने स्वतः लिहून दिलेल्या पद्धतीची. त्यामुळे कोणत्या मुद्द्याची पडताळणी झाली, हे त्या खुणेशेजारी काय लिहिलं आहे त्यावरूनच कळतं.

काही शब्द ‘ग्रास-फेड’च्या शेजारी छापलेले असतात आणि त्यांची वेगळीच कामं असतात. ‘ऑरगॅनिक’ घ्या. त्याला कायद्याचा भक्कम आधार आहे, दरवर्षी तपासणी आहे. पण ऑरगॅनिक गुराला धान्य चालतं, फक्त ते धान्य ऑरगॅनिक हवं. 2010 च्या नियमांनुसार अशा जनावरांनी वर्षात किमान 120 दिवस चरलं पाहिजे आणि चरण्याच्या हंगामात आहारातल्या शुष्क भागापैकी किमान 30 टक्के कुरणातून यायला हवा. त्यातही मांसाच्या जनावरांना शेवटच्या टप्प्यात, आयुष्याचा पाचवा हिस्सा किंवा 120 दिवस यांपैकी जे कमी असेल तेवढा काळ, या 30 टक्क्यांच्या अटीतून सूट आहे. म्हणजे ज्या महिन्यांवरून एवढा वाद आहे, नेमके तेच महिने. ‘नॅचरल’चा अर्थ एवढाच की कृत्रिम घटक घातलेले नाहीत आणि प्रक्रिया कमीत कमी केली आहे, जनावर काय खात होतं याबद्दल तो शब्द गप्प आहे. आणि यूएसडीएचा तपासणीचा गोल शिक्का तर साध्या बीफच्या पाकिटांवरही असतो, तो मांस खाण्यायोग्य असल्याचा आहे.

देशाच्या नावाचा प्रश्न यात आणखी गुंता करत होता. बीफवर मूळ देश छापण्याची सक्ती अमेरिकेने डिसेंबर 2015 मध्ये उठवली, कारण कॅनडा आणि मेक्सिकोच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेचा निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला होता. त्यानंतर बाहेरून आलेलं मांस अमेरिकेतल्या कारखान्यात कापून पुन्हा पॅक केलं की त्यावर ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ लिहिता येत होतं. ग्रास-फेड बीफमध्ये हे जास्त बोचणारं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोन बार्न्स सेंटर या शेतीविषयक संस्थेच्या 2017 च्या अहवालात असा अंदाज होता की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ग्रास-फेड बीफपैकी किमतीच्या हिशेबाने 75 ते 80 टक्के आयात केलेलं आहे, मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि उरुग्वेहून. तिथलं मांस वाईट असतं असं अजिबात नाही. त्या देशांत वर्षभर चरता येईल अशी विस्तीर्ण कुरणं आहेत आणि खर्च कमी येतो. पण व्हर्मॉन्ट किंवा मिसूरीतल्या छोट्या पाळणाऱ्याला स्वतःच्याच देशाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या परदेशी मालाशी भावात टक्कर द्यावी लागत होती, आणि अमेरिकन शेतकऱ्याला मदत करतोय असं समजून पैसे मोजणारा ग्राहक फसत होता. मार्च 2024 मध्ये एफएसआयएसने अंतिम नियम काढला: जनावर अमेरिकेत जन्मलेलं, वाढवलेलं, कापलेलं आणि प्रक्रिया केलेलं असेल तरच ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ लिहायचं. पालनाची तारीख 1 जानेवारी 2026. हे पाऊल उशिरा पडलं, पण योग्य पडलं. मात्र तो दावा ऐच्छिक आहे, आणि चाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

पाकीट हातात घेतल्यावर क्रम असा ठेवता येईल. आधी टक्केवारी किंवा ‘पण’ लपलेला आहे का बघा. धान्याचा उल्लेख असेल तर तो बारीक अक्षरांत असतो. मग त्रयस्थ संस्थेचा शिक्का शोधा. तपासणीच्या गोल शिक्क्यातला आस्थापना क्रमांकही कामाचा आहे. एफएसआयएसच्या यादीत तो क्रमांक टाकला की मांस कोणत्या कारखान्यात हाताळलं गेलं ते कळतं. उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर ‘ग्रास-फेड’ लिहिलेलं असेल तर लक्षात ठेवा की मेनूकार्ड हे एफएसआयएसने आधी मंजूर केलेलं लेबल नव्हे.

थेट पाळणाऱ्याकडून घेत असाल तर शिक्का नसला म्हणून पाठ फिरवू नका. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदपत्रं छोट्या माणसाला झेपतातच असं नाही, आणि काही उत्तम बीफ अशाच लोकांकडे मिळतं. ‘ग्रास-फेड आहे का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ एवढं एकच उत्तर असतं. विचारा की शेवटचे दीडशे दिवस जनावर कुठे होतं आणि काय खात होतं, हिवाळ्यात काय घालता, पाऊस कमी झाला त्या वर्षी काय केलं. खरोखर गवतावर वाढवणारा माणूस यावर भरभरून बोलतो: वाळलेल्या गवताच्या किती गाठी लागल्या, कोणत्या कुरणाला विश्रांती दिली, चारा पुरेना तेव्हा कळप कसा कमी केला, आणि कोणतं जनावर धान्य घालावं लागल्यामुळे वेगळं काढून साध्या भावाने विकलं.